नाव घासून

आमच्या गल्लीत गिऱ्हाइकाला गिऱ्हाईक म्हणत नाहीत, पाहुणा म्हणतात. "उद्या माझा पाहुणा येतोय," असं कुणी म्हटलं की शेजाऱ्याने एवढंच विचारायचं, किती वाजता? कुठला, कशासाठी, काय घेणार, हे विचारणं म्हणजे लोकांच्या घरात जाऊन कपाट उघडण्यासारखं. पाहुणा येणार म्हटलं की बाकी सगळं मात्र मिळतं. कुणाच्या खुर्च्या येतात, कुणाचा उभा पंखा येतो, कुणी आपला गाळाच झाडून देतं. मी स्वतः एकदा समोरच्याच्या पाहुण्यासाठी घरचा टी-सेट नेऊन दिला होता. त्यातली एक बशी अजून परत यायची आहे.

ही गल्ली कळंबोलीत, लोखंड बाजाराच्या मागच्या अंगाला. ट्रकांची रांग ओलांडून आत वळलं की पत्र्याचे गाळे लागतात. त्यातला एक माझा. मी रबराचे भाग बनवते, म्हणजे पंपात, यंत्रात पाणी किंवा तेल गळू नये म्हणून बसवतात ती काळी कडी. सील म्हणतात त्याला. एक जुना प्रेस, एक भट्टी आणि कामाला तीन बायका. लोकांना वाटतं बाई आणि रबर म्हणजे बांगड्यांच्या दुकानासारखं काहीतरी असेल. आत येऊन वास घेतला की गप्प बसतात.

माझ्या भिंतीला लागून लेथवाले भाई. मूळचे श्रीवर्धनकडचे, समुद्राकाठच्या मुसलमान घरातले. अर्धं घराणं आखातात, हे मात्र लेथ सोडून कुठे गेले नाहीत. लोखंडाचा गोल बार द्या, लेथवर कातून त्याचा शाफ्ट, म्हणजे यंत्रातला फिरता दांडा, करून देतील, आणि असा की हात फिरवत बसावंसं वाटेल. बोलणं कमी. रागावले की आणखी कमी. माझं नेमकं उलटं, त्यामुळे आमची भांडणं एकतर्फीच व्हायची.

समोर दादा. ते इथलेच, आगरी. त्यांच्या शेतावरच आता टोलेजंग काहीतरी उभं आहे. ते तिकडे बोट दाखवून "तिथं आमचा वाल व्हायचा," असं सांगतात आणि पुन्हा वेल्डिंगची काच डोळ्यांवर ओढतात. पत्र्याच्या पेट्या, चौकटी, झाकणं हे त्यांचं काम.

तर तिघे समोरासमोर, आणि तिघांना एकमेकांवाचून चालत नाही. मला शाफ्ट लागला की मी भाईंकडे जाणार, भाईंना सील लागलं की ते माझ्याकडे येणार, आणि पेटी लागली की दोघेही दादांच्या दारात. पण जाताना एक गोष्ट करायची असते, आणि ती या गल्लीत शेंबडं पोरसुद्धा शिकतं. पाहुण्याने दिलेल्या नमुन्यावर कुठेतरी त्याच्या फर्मचं नाव ठोकलेलं असतं. तो नमुना शेजाऱ्याच्या हातात देण्याआधी ग्राइंडरवर धरायचा आणि नाव घासून टाकायचं. नाहीतर शेजारी उद्या परस्पर त्या फर्मला फोन करेल आणि आपण बसू हात चोळत. असं पूर्वी कुणाच्या तरी बाबतीत झालं होतं म्हणे. कुणाच्या, ते मी इतक्या वर्षांत शोधून काढू शकले नाही. पण घासण्यात कुणाची हयगय नाही. माझ्याकडची थोरली बाई तर नमुना आला की विचारतेसुद्धा नाही, "मॅडम, नाव घासून आणते," म्हणत ग्राइंडरकडे निघते.

मागच्या वर्षी पावसाळा सरता सरता माझी कंबर मोडायची वेळ आली. ज्या पंपवाल्या कंपनीवर माझा प्रेस चालायचा, तिने आपलं सगळं काम दुसऱ्या राज्यात, स्वतःच्या नव्या कारखान्यात नेलं. कळवलं छान, गोड भाषेत. प्रेस आठवड्यातून निम्मे दिवस थंड पडायला लागला. थंड प्रेस बघून मला जो संताप येतो तो कुणाला सांगून कळणार नाही. घरी खारघरला नवरा म्हणाला, "पुरे झालं आता. बंद कर. सोसायटीच्या बागेत फिरायला जाऊ." तो चांगला माणूस आहे, पण त्या दिवशी त्याला उपाशी ठेवायचंच बाकी राहिलं.

बातमी बाजारात पोचायला वेळ लागत नाही. एक लोखंडाचा व्यापारी टेप घेऊन आला. त्याला पाइप ठेवायला गोदाम हवं होतं. मी हो म्हणायच्या आतच तो माझ्या गाळ्याची लांबी मोजायला लागला. माझी थोरली बाई टेपचं दुसरं टोक धरून उभी होती, कारण त्याने तिच्या हातात दिलं होतं. तिचा चेहरा मला अजून दिसतो. जिच्या कामाच्या जागेवर पाइप येणार, तिनेच टेप धरायची. व्यापारी गेल्यावर तिघी माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, "दिवाळीपर्यंत बघू." म्हणजे दिवाळीपर्यंत काम मिळालं तर प्रेस, नाहीतर पाइप. हे त्यांना कळलं, मलाही कळलं.

त्याच सुमाराला वाशीला मेळावा भरला. शेजारच्या देशांतले छोटे कारखानदार आणि इकडचे छोटे कारखानदार यांनी एकमेकांना भेटावं, धंदा वाढवावा, असा. आमच्या उद्योजकांच्या संघटनेने टेबलं मांडून दिली होती, प्रत्येकाला एक फ्लेक्स दिला होता. सकाळी एका साहेबांनी पडद्यावर चित्रं दाखवत भाषण केलं. छोट्यांनी एकत्र यायला हवं, माहिती वाटून घ्यायला हवी, एकमेकांशी स्पर्धा करण्याऐवजी वगैरे. मी आणि भाई एकाच रांगेत बसलो होतो. मध्ये एक खुर्ची रिकामी. मी माझ्या पिशवीतला नमुना त्यांना दिसू नये म्हणून पदराखाली धरला होता आणि त्यांनी त्यांचा वर्तमानपत्रात गुंडाळला होता. भाषण संपल्यावर दोघांनी मनापासून टाळ्या वाजवल्या आणि बटाटेवड्याकडे वळलो.

माझ्या टेबलावर नेपाळहून आलेला एक गृहस्थ थांबला. पन्नाशीचा, बुटका, हात माझ्यासारखेच काळे. म्हणजे काम करणारा. डोंगरातल्या गावांसाठी तो छोट्या पाणचक्क्या बनवायचा. ओढ्याच्या पाण्यावर फिरणाऱ्या, गावातलं धान्य दळणाऱ्या. चक्की तो तिकडेच करतो, पण तिचा आत फिरणारा शाफ्ट, त्यावरचं रबरी सील आणि ते सगळं झाकणारी पेटी बाहेरून मागवतो. सीलमधून पाणी शिरलं की बेअरिंग जातं, चक्की थांबते, आणि बायका पाठीवर पोतं घेऊन पुन्हा डोंगर उतरतात. हे सांगताना त्याने पाठीवर पोतं घेतल्यासारखं वाकून दाखवलं. इतक्या लांब का आलात, असं मी विचारलं. तो म्हणाला, जवळ सगळीकडे करून बघितलं. शाफ्ट एका गावातून, सील दुसऱ्या, पेटी तिसऱ्या. तिन्ही घरी आणून जोडायला गेलं की बसत नाही. शाफ्टवाला म्हणतो सील वाईट, सीलवाला म्हणतो शाफ्ट वाईट. म्हणून आता त्याला असाच कारखाना हवा होता जिथे तिन्ही गोष्टी एकाच जागी होतात.

"आमच्याकडे होतात," मी म्हटलं. जीभ अडखळलीसुद्धा नाही. दिवाळी जवळ होती.

त्याने मला नमुन्याचा एक शाफ्ट दिला. आठवडाभर तो पुण्याकडे जाणार होता. परत आल्यावर गुरुवारी सकाळी माझा कारखाना बघायला येतो म्हणाला, आणि तोपर्यंत शाफ्ट, सील, पेटी असा एक जोड तयार ठेवा.

मी परतले ती उड्या मारत. शाफ्टवर एक जाड पट्टी होती, कॉलर म्हणतात ती. सील नेमकं त्याच कॉलरवर बसतं, आणि त्याच कॉलरवर त्याच्या फर्मचं नाव ठोकलेलं होतं. मी आधी कॉलरचं माप घेतलं, सीलसाठी साचा करून घेतला. मग थोरल्या बाईने नाव घासून दिलं आणि मी शाफ्ट भाईंकडे घेऊन गेले. "भाई, हुबेहूब असा एक. आणि गुरुवारी सकाळी माझा पाहुणा आहे. तुमचा लेथ माझाच म्हणून दाखवणार."

"तुमचाच समजा," भाई म्हणाले. थोडं थांबून पुढे म्हणाले, "गुरुवारी दुपारी माझापन पाहुणा हाय, ताई. तुमी प्रेस चालू ठेवा. आपलंच रबर डिपार्टमेंट म्हणून सांगतो. तुमी तिथं सुपरवायझर म्हणून उभ्या राहा जरा."

मला सुपरवायझर व्हायला हरकत नव्हती. मी विचारलं, किती वाजता. त्यांनी सांगितलं. बस्स.

दुसऱ्या दिवशी भाईंनी माझ्याकडे एक शाफ्ट पाठवला, यावर बसेल असं एक सील करून द्या म्हणून. हातात घेतला आणि मला तो ओळखीचा वाटला. तीच लांबी, तशीच कॉलर, नाव घासलेलं. मी जरा दचकले. पण विचारायचं कसं? म्हणून मी काय केलं, कॉलरचं माप घेतलं. माझ्या शाफ्टच्या कॉलरपेक्षा केसभर कमी भरलं. म्हणजे वेगळा शाफ्ट, वेगळा पाहुणा. माझा जीव भांड्यात पडला. दुसरा साचा केला, त्या मापाचं सील काढून दिलं आणि तो विषय डोक्यातून काढून टाकला. दादांकडून पेटी आली तेव्हा ते माझ्याकडे बघून उगाच हसले. मला वाटलं, गावची जत्रा जवळ आली म्हणून खुशीत असतील.

गुरुवारी सकाळी भाईंच्या दारावर माझा फ्लेक्स लागला. दादांच्या खुर्च्या आल्या. मी पाहुण्याला खारघरच्या लॉजवरून रिक्षाने घेऊन आले. प्रेस दाखवला, भट्टी दाखवली, मग शेजारी नेऊन "हा आमचा लेथ विभाग" म्हणून भाईंकडे बोट दाखवलं. भाई पाठमोरे होते आणि यंत्राच्या आवाजात त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही, जसा खरा कामगार बघत नाही. मला कौतुक वाटलं. पाहुण्याने माझा जोड हातात घेतला, उलटसुलट बघितला, पिशवीत ठेवला. सगळं तपासून सांगतो म्हणाला. चहा प्यायला, नमस्कार केला, निघाला. गल्लीच्या मधोमध आमचा लंगडा कुत्रा झोपलेला असतो. पाहुण्याने त्याला वळसा घातला आणि त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

जेवणं झाल्यावर माझ्याच दारावर भाईंचा फ्लेक्स चढला. मी साडीवर निळा कोट घातला, केस बांधले आणि माझ्याच प्रेसजवळ सुपरवायझर होऊन उभी राहिले. तिघी बायका तोंडाला पदर लावून खुसखुसत होत्या. बाहेर रिक्षा थांबली. भाईंचा आवाज आला, "आईये, ये अपना रबर डिपार्टमेंट." आणि त्यांच्यामागून आत आला तो सकाळचाच माणूस.

सकाळी भाई उभे होते तशी मी प्रेसकडे तोंड करून उभी राहिले.

भाई मला दाखवत म्हणाले, "और ये हमारी सुपरवायझर मॅडम."

पाहुण्याने हात जोडले. "सुबह भी नमस्ते किया था, मैडम. फिर से नमस्ते."

भाईंनी माझ्याकडे बघितलं. मी भाईंकडे बघितलं. प्रेस तेवढा धडधडत होता. दारात दादा येऊन उभे राहिले होते. पाहुणा मात्र रागावलेला दिसत नव्हता, हसतही नव्हता. त्याने शांतपणे एक बादली पाणी मागितलं, भाईंच्या हातातला त्यांचा जोड घेतला आणि जमिनीवर मांडी घालून बसला.

भाईंच्या शाफ्टवर त्याने सील चढवायला घेतलं. चढेना. जोर लावला, साबणाचं पाणी लावलं. सील टर्रकन फाटलं. मग त्याने पिशवीतून सकाळचा माझा जोड काढला. माझं सील माझ्या शाफ्टवर सहज गेलं, फारच सहज. पेटी बंद करून त्याने बादलीत बुडवली, शाफ्ट हाताने फिरवला, बाहेर काढून झाकण उघडलं. आत पाणी.

"सील ढिलं आहे," भाई मराठीत म्हणाले, माझ्याकडे न बघता.

"शाफ्ट बारीक आहे," मी म्हटलं. "तुम्हाला हुबेहूब सांगितलं होतं."

"हुबेहूबच केला. तुमी दिला तसा."

"आणि तुमचं सीलसुद्धा तुम्ही दिलेल्या शाफ्टवरच केलंय मी!"

"तुमी कॉलर घासली होती?" भाईंनी विचारलं.

"मग? तुम्ही नव्हती घासली?"

आणि तिथे आम्ही दोघेही थांबलो. कारण नाव घासायचं तर कॉलर घासावी लागते, आणि कॉलर घासली की ती केसभर बारीक होते. माझ्या घासलेल्या नमुन्यावरून भाईंनी बारीक शाफ्ट केला होता. त्यांच्या घासलेल्या नमुन्यावरून मी घट्ट सील केलं होतं. ते केसभर कमी भरलेलं माप बघून माझा जीव भांड्यात पडला होता, तो त्या क्षणी भांड्यातून पार चुलीत गेला.

पाहुण्याला आमचं मराठी कळत नव्हतं, पण भांडण कळत होतं. त्याने आणखी काही न विचारता भाईंचा शाफ्ट उचलला आणि माझ्या जोडातलं सील उचललं. म्हणजे भाईंनी नाव घासायच्या आधी, स्वतःसाठी केलेला शाफ्ट, आणि मी नाव घासायच्या आधी, स्वतःसाठी केलेलं सील. ते अंगठ्याने दाबलं. बसलं. असं बसलं की बसल्याचा आवाजही आला नाही. पेटी बंद केली, बादलीत बुडवली, खूप वेळ फिरवली. बाहेर काढली, झाकण उघडलं आणि आमच्यासमोर धरलं. आत कोरडं ठणठणीत. माझ्या थोरल्या बाईने पुढे होऊन त्यात बोट घालून बघितलं.

दादा तेव्हा जे हसायला लागले ते त्यांना थांबवता येईना. "मी दोन्ही पेट्या केल्या ना! दोगांच्या पन येकाच मापाच्या! मना तवाच कललं."

"मग बोलला का नाहीत?" मी ओरडलेच.

"तू बोललीस, कोनाला सांगू नको. भाई बोलला, कोनाला सांगू नको. मी नाय सांगितला, बाय. गल्लीचा नियम हाय."

मला हसावं की दादांच्या डोक्यात त्यांचीच पेटी घालावी, कळेना. भाई मान खाली घालून फाटलेल्या सीलकडे बघत होते. मला लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती. कारण तिघी बायका माझ्याकडे बघत होत्या, त्या दिवशी टेप धरून बघितलं होतं तशाच.

पाहुणा उठला, गुडघे झाडले. म्हणाला, दुपारी तोच लंगडा कुत्रा पुन्हा दिसला तेव्हाच मला समजलं होतं की दोन कारखाने एकाच गल्लीत आहेत. मग तो जे म्हणाला ते मी विसरणार नाही. "मुझे एक दीवार, एक बोर्ड नहीं चाहिए, मैडम. मुझे बस इतना चाहिए कि शाफ्टवाला सीलवाली से बात करे।" पुढे म्हणाला, तुमच्याकडे तर ते भिंतीला भिंत लावून बसलेत, तरी बोलत नाहीत. माझ्याकडे तीन गावं होती, एवढाच फरक.

त्याचं विमान दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं होतं. निघण्याआधी मला असाच आणखी एक जोड करून दाखवा, म्हणाला. पण माझ्यासमोर, आणि एकमेकांसमोर.

शुक्रवारी सकाळी भाई माझ्या गाळ्यात आले. आदल्या दिवसाचं नाटक सोडलं तर इतक्या वर्षांत ते दारातून आत कधी आले नव्हते, नमुना बाहेरूनच द्यायचे. पाहुण्याने आणखी एक शाफ्ट आणला होता, नाव तसंच ठोकलेलं. त्या एका शाफ्टचं माप आम्ही तिघांनी मिळून घेतलं. भाई म्हणाले, रबर गरम असताना आणि गार झाल्यावर माप बदलतं का? मी म्हटलं, बदलतं तर. तेव्हा किती बदलतं, कोणत्या रबराचं जास्त, असं त्यांनी एकामागून एक इतकं विचारलं की मला वाटलं, हा माणूस इतकी वर्षं शेजारी बसून हे मनात धरून होता की काय. मीही विचारलं, शाफ्टवर तुम्ही शेवटचा हात कसा मारता, कारण तुमच्या गुळगुळीतपणावर माझ्या सीलचं आयुष्य ठरतं. ते सांगत बसले. इतकं बोलताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं. दादा मध्येच म्हणाले, पेटीचा कोपरा गोल केला तर पानी साचनार नाय. कुणी त्यांना विचारलं नव्हतं, पण ते बरोबर होतं.

दुपारी जोड तयार झाला. बादलीत बुडवला. मी डोळे मिटून घेतले होते, खरं सांगते. कोरडा निघाला.

पुढचं सगळं गोडच झालं असं नाही. पहिली मोठी ऑर्डर आली तेव्हा तिघांत जोरदार भांडण झालं. दादांची जत्रा मध्ये आली आणि पेट्या रखडल्या. मी त्यांना फोनवर जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांनी जत्रेतला खाजा पाठवून दिला, म्हणजे राग गेला असं समजायचं. संघटनेकडून छोट्या कारखान्यांना एकत्र वापरायला यंत्र मिळवून देण्याची काही योजना होती. तिचे मेसेज आम्ही तिघेही फोनवर न वाचता पुसत आलो होतो. आता वाचला. आमच्या बादलीच्या जागी पाण्याची चाचणी घ्यायची एक व्यवस्थित टाकी आली. ती ठेवायची कुणाकडे, यावर अर्थातच पुन्हा भांडण झालं. शेवटी दादांकडे ठेवली, कारण त्यांच्या गाळ्याचं दार रुंद आहे आणि त्यांच्याशी भांडून उपयोग नसतो. आता गल्लीतले दुसरे लोकही आपापले पंप त्या टाकीत बुडवायला घेऊन येतात, आणि बुडवताना बोलतात.

दिवाळीच्या आधी लोखंडाचा व्यापारी टेप घेऊन आला. प्रेस चालू होता, तिघी बायका होत्या, आणि चौथी एक नवीन होती. तो दारातच थांबला. मी म्हटलं, "शेठ, आत या, चहा घ्या. पण टेप बाहेर ठेवा." तो हसला. आता भाई शाफ्टसाठी गोल बार त्याच्याकडूनच घेतात, आणि दर वेळी तो मला विचारतो, बंद तर नाही ना करणार ताई? जणू टेप घेऊन दुसराच कुणीतरी आला होता.

डोंगरातल्या एका चक्कीचा व्हिडिओ पाहुण्याने पाठवला होता. पाणी खळाळतंय, दगड फिरतोय, एक म्हातारी पीठ हातात घेऊन बघतेय आणि कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी बोलतेय. काय ते कळलं नाही. माझ्या थोरल्या बाईने तो पुन्हा पुन्हा लावायला सांगितला. म्हणाली, "मॅडम, आपलं सील त्यात कुठाय?" मी म्हटलं, आत, दिसायचं नाही. "तरी हाय ना," ती म्हणाली.

पण मला जे सांगायचं आहे ते याच्या नंतरचं आहे. मागच्या महिन्यात भाईंकडून एक शाफ्ट आला. नेपाळचा नाही, त्यांच्या स्वतःच्या एका गिऱ्हाइकाचा. यावर बसेल असं सील करून द्या. मी हातात घेतला आणि बघतच राहिले. कॉलरवर नाव. अख्खं नाव, ठळक, अक्षर न् अक्षर शाबूत. हे भाईंचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक होतं. याच्याच जोरावर त्यांचा लेथ चालतो हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, आणि ते कोण हे कुणालाच माहीत नव्हतं. मी तर त्याच्यावरून कितीदा तर्क लढवले होते. एक फोन केला असता तर मी तिथे परस्पर सील विकू शकले असते. माझी थोरली बाई म्हणाली, "भाई घासायला विसरले वाटतं. मी घासू का?"

"हात लावू नको," मी म्हटलं. शाफ्ट पदराखाली घेतला, म्हणजे गल्लीत आणखी कुणाला नाव दिसू नये, आणि तडक शेजारी गेले. भाई लेथवर वाकलेले होते.

मी हळूच म्हटलं, "भाई, नाव राहिलंय यावरचं."

त्यांनी यंत्र बंद केलं नाही. मान वर केली, शाफ्टकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"राहिलं नाय, ताई," ते म्हणाले. "ठेवलंय."

आणि पुन्हा कामाला लागले. माझे डोळे भरून आले होते आणि लोखंडाचा कीस उडतोय असं म्हणायची सोय होती. मग मी शाफ्ट पदराबाहेर काढला, उघड्या हातात धरून गल्लीतून परत आले आणि थोरल्या बाईला भट्टी पेटवायला सांगितलं.